समान वाटप, असमान मुलूख

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून कायद्याने ओळखल्या जाणाऱ्या दोन संस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर या विषयाचे गांभीर्य लगेच ध्यानात येते. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प ५९,९५४ कोटी रुपयांचा होता. देशातल्या काही छोट्या राज्यांचाही तेवढा नसतो. दुसरीकडे गडचिरोली जिल्ह्यातली कोणतीही ग्रामपंचायत घ्या. या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७३ हजार, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसे, आणि तीन-चतुर्थांशाच्या आसपास भूभाग वनाखाली. जंगलाला घरपट्टी लागत नाही, कुडाच्या घराला लावली तरी वसुली ती किती होणार, आणि कारखाना नसलेल्या गावात कारखान्याचा कर येणार कोठून? तरीही पिण्याचे पाणी, गटारे, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ते, अंगणवाडीची डागडुजी ही कामे तिथल्या ग्रामपंचायतीच्याही माथी आहेतच. राज्यघटनेने ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने १९९३ साली कर्तव्यांच्या याद्या सगळ्यांना सारख्याच दिल्या. त्या पार पाडायला लागणारे उत्पन्न मात्र ज्याच्या त्याच्या मुलखावर सोडून दिले. ही दरी बुजवण्याचे काम केंद्र सरकार आपल्या अनुदानांतून किती करते, आणि ज्या पद्धतीने करते तिने दरी खरोखर बुजते का, हा या ग्रंथाचा विषय आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : पैसा वाढला आहे, पुष्कळ वाढला आहे, पण तो ज्या सूत्राने वाटला जातो, त्या सूत्रात प्रादेशिक विषमतेची दखल जवळजवळ नाही.

आधी हा पैसा येतो कसा ते पाहू. घटनेच्या २८० व्या कलमाखाली दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. केंद्राच्या करउत्पन्नातला राज्यांचा वाटा ठरवणे हे त्याचे मूळ काम. घटनादुरुस्तीनंतर त्याच कलमात भर पडली आणि पंचायती व नगरपालिकांना पूरक निधी कसा मिळावा हेही आयोगाने सुचवावे, असे ठरले. दहाव्या आयोगाने, १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येच्या हिशेबाने, माणशी १०० रुपये पंचायतींसाठी काढून सुरुवात केली. एकूण रक्कम साडेचार हजार कोटींच्याही आतच होती. बाराव्या आयोगापर्यंत ती पंचायती आणि नगरपालिका मिळून २५ हजार कोटींवर गेली. चौदाव्याने २,८७,४३६ कोटी दिले आणि पंधराव्याने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ४,३६,३६१ कोटी रुपये स्थानिक संस्थांच्या नावे ठेवले. त्यांतले २,३६,८०५ कोटी ग्रामीण भागाचे, १,२१,०५५ कोटी शहरांचे आणि ७०,०५१ कोटी प्राथमिक आरोग्यसेवेचे. गावोगावचे सरपंच आज ‘चौदावा वित्त’, ‘पंधरावा वित्त’ असे शब्द घरच्यासारखे वापरतात, ते या वाढीमुळे. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली पंचायतींच्या अर्थकारणावर काढलेल्या अहवालात देशभरच्या पंचायतींच्या उत्पन्नात अनुदानांचा वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास आणि स्वतःच्या करांचा १.१ टक्का दाखवला आहे. इतके अवलंबित्व असल्यावर वाटपाचे सूत्र हीच ग्रामीण भारताची खरी वित्तनीती ठरते, आणि म्हणून त्या सूत्राकडे बारकाईने पाहायला हवे.

राज्याराज्यांत पैसा वाटताना वित्त आयोग विषमतेचा विचार करतो, आणि नेटाने करतो. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात ‘उत्पन्नातील अंतर’ या निकषाला ४५ टक्के वजन होते. सर्वांत पुढारलेल्या राज्यांपासून एखादे राज्य जितके मागे, तितका त्याचा वाटा मोठा. शिवाय लोकसंख्या, क्षेत्रफळ, वने आणि पर्यावरण, लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याची कामगिरी आणि करवसुलीचे प्रयत्न हे निकषही होते. हाच आयोग स्थानिक संस्थांच्या अनुदानाकडे वळतो तेव्हा मात्र राज्याराज्यांतले वाटप ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ एवढ्यावर येऊन थांबते. राज्यांतर्गत वाटपही राज्य वित्त आयोगाची मान्य शिफारस नसेल तर याच ९०-१० च्या मापाने. गरिबी नाही, करक्षमता नाही, सेवा पुरवण्याचा खर्च नाही, मागास वस्तीचे प्रमाण नाही. पूर्वी असे नव्हते. तेराव्या आयोगाने स्थानिक अनुदानाच्या सूत्रात लोकसंख्येला निम्मेच वजन दिले होते आणि उरलेल्यात उत्पन्नातले अंतर, पंचायतींच्या बाबतीत अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण, सत्ता खाली किती सोपवली आहे याचा निर्देशांक, यांना जागा ठेवली होती. त्या आयोगाचे अध्यक्ष होते विजय केळकर. पुढे महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली बसली आणि २०१३ साली तिने अहवाल दिला. चौदाव्या आयोगाने तेराव्याचे सूत्र सोपे केले. सोपेपणाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. लोकसंख्येचा आकडा निर्विवाद असतो, त्यावर वशिला चालत नाही. पण सोपे करण्याच्या ओघात जे गळाले, ते नेमके विषमतेचे माप होते.

याचा परिणाम एका ग्रामपंचायतीच्या पातळीवर मांडून पाहावा. पंधराव्या आयोगाचा ग्रामीण निधी पाच वर्षांत आणि २०११ च्या सुमारे ८३ कोटी ग्रामीण लोकसंख्येत विभागला तर वर्षाला माणशी साडेपाचशे रुपयांच्या थोडे वर येतात. महाराष्ट्रात यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जातात. तेव्हा पंधराशे वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या वाट्याला, या सरासरीने, वर्षाला पावणेसात लाखांच्या आसपास रक्कम येईल. तिचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरले पावणेतीन लाख. ते अबंधित खरे, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करायची मुभा नाही. आता ही ग्रामपंचायत कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात आहे असे समजा : एकच गावठाण, एक पाण्याची टाकी, घराला घर लागून, पक्की घरे, नमुना आठच्या नोंदवहीत घरपट्टीची बरी आकारणी, जवळपास साखर कारखाना. आणि तीच ग्रामपंचायत भामरागड तालुक्यात आहे असे समजा : तितकीच माणसे, पण आठ-दहा पाड्यांवर विखुरलेली, पाड्यापाड्याला वेगळा हातपंप, वेगळी विंधन विहीर, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचे ठिकाणच बाहेरच्या जगापासून तुटलेले, सिमेंटची गोणी पोचवायची तर वाहतूकच जड. क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांनी भामरागडला थोडे अधिक मिळेल, हे मान्य. पण एक नळजोडणी देण्याचा खर्च तिथे कित्येक पट पडतो, त्याची भरपाई दहा टक्क्यांत होत नाही. पहिल्या गावाला हे अनुदान म्हणजे वरकड रक्कम आहे, दुसऱ्याला तेच सर्वस्व आहे. दोघांना माणशी सारखे देणे म्हणजे जी विषमता आहे ती जशीच्या तशी ठेवणे.

वित्त आयोगाच्या बाहेरून येणारा पैसा तर अनेकदा विषमता वाढवतो. केंद्रपुरस्कृत योजनांत राज्याने आणि काही वेळा स्थानिक संस्थेने आपला हिस्सा घालायचा असतो. ज्याची झोळी रिकामी, त्याला केंद्राचाही हिस्सा उचलता येत नाही. स्मार्ट सिटी अभियानात २०१५ पासून शंभर शहरे निवडली गेली, प्रत्येकी पाचशे कोटींपर्यंत केंद्राची मदत ठरली, आणि निवड झाली स्पर्धेने. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद ही शहरे त्यात बसली. प्रस्ताव लिहायला सल्लागार नेमू शकणारी महापालिका आणि मुख्याधिकाऱ्याचीच जागा रिकामी असलेली नगरपरिषद एकाच शर्यतीत उभ्या केल्या तर कोण पुढे जाणार, हे सांगायला नको. राज्याच्या धोरणातही हाच दोष आहे. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यावर, वस्तू व सेवा कराच्या राजवटीत, महाराष्ट्राने २०१७ च्या कायद्याने महापालिकांना नुकसानभरपाई देऊ केली. तिचा पाया २०१६-१७ चे उत्पन्न आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ. ज्या शहराच्या नाक्यांवरून कालपर्यंत माल वाहत होता त्याला आज आणि उद्याही भरघोस भरपाई; जिथे व्यापारच बेताचा होता तिथे भरपाईही बेताचीच. महापालिकांची स्वायत्तता टिकावी म्हणून केलेली तरतूद म्हणून ती योग्यच आहे. पण तिने जुन्या विषमतेवर कायद्याचा शिक्का मारला, हेही नोंदवले पाहिजे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, आणि या ग्रंथाचा मराठी वाचक त्याकडे रिकाम्या मनाने येणार नाही. नागपूर करारापासून, म्हणजे १९५३ पासून, प्रादेशिक न्यायाचे आश्वासन या राज्याच्या पायाभरणीत आहे. घटनेच्या ३७१ (२) कलमाने त्याला आधार दिला. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत जिल्हावार मोजणी केली आणि राज्याच्या सरासरीपासून जो जिल्हा जितका मागे तितका त्याचा अनुशेष, असे सोपे आणि स्वच्छ माप दिले. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा निघाला. विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा २४ च्या आसपास. या आकडेवारीतली एक गोष्ट मात्र आपल्या चर्चेत नेहमी मागे पडते. उरलेल्या महाराष्ट्राचा वाटाही ३७ टक्के होता. म्हणजे ‘पुढारलेल्या’ म्हटलेल्या विभागाच्या पोटातही धुळ्याचा आदिवासी भाग होता, कोकण होते, दुष्काळी तालुके होते. विभागाच्या सीमा या विषमतेचे अपुरे चित्र देतात. ती जिल्ह्याच्या, तालुक्याच्या आणि गावाच्या पातळीवर राहते. नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने हा आकडा सुमारे १४ हजार कोटींवर नेला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, राज्यपालांचे निर्देश आले, आणि २०२० च्या एप्रिलअखेर मंडळांची मुदत संपली. या सगळ्या वाटचालीत अनुशेष जिल्हावार मोजला तरी मांडला गेला विभागवार आणि भरायचा ठरला तो राज्याच्या खात्यांमार्फत. ज्या गावाचा, ज्या नगरपरिषदेचा अनुशेष होता, त्यांच्या हाती त्या पैशाचा निर्णय कधी आलाच नाही. मंडळे सल्ला देत राहिली, खर्चाच्या चाव्या मंत्रालयात राहिल्या.

केंद्राने एकदा याच्या उलटी वाट धरून पाहिली होती. २००६-०७ पासून मागास क्षेत्र अनुदान निधी या नावाने २५० जिल्ह्यांना पैसा दिला गेला. महाराष्ट्रातले गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे, नांदेड, हिंगोली, यवतमाळ यांसारखे बारा जिल्हे त्यात होते. आराखडा ग्रामसभेतून आणि नगरपालिकेतून वर यायचा, जिल्हा नियोजन समितीने तो जोडायचा, आणि इतर योजनांनी न भरलेली पोकळी या पैशाने भरायची, अशी रचना होती. मनुष्यबळाच्या तयारीसाठी दर जिल्ह्याला वर्षाला एक कोटी वेगळे ठेवले होते. रकमा मोठ्या नव्हत्या, खर्च रेंगाळायचा, आराखडे बरेचदा बाबूंनीच लिहिलेले असायचे. तरी मागास मुलखाला, मागास म्हणून, स्थानिक संस्थेमार्फत पैसा द्यायचा हे तत्त्व त्यात होते. २०१५-१६ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. कारण असे दिले गेले की चौदाव्या आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आहे, तेव्हा राज्यांनीच आता हे पाहावे. राज्याच्या तिजोरीत वाढलेला पैसा नंदुरबारला पोचेल याची हमी मात्र कोणत्याही कलमात नव्हती. २०१८ साली आकांक्षित जिल्हे कार्यक्रम आला. त्यात महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आहेत. तो निर्देशांक मोजतो, जिल्हाधिकाऱ्यांत चुरस लावतो आणि असलेल्या योजना एकत्र आणतो. त्याचा उपयोग आहे. पण निवडून आलेल्या संस्थेला त्यातून हक्काचा पैसा मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो, आणि तो बिनबुडाचा नाही : मागास भागात पैसा दिला तरी खर्च होत नाही, परत जातो. खरे आहे. पण तो का परत जातो हे पाहिले पाहिजे. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे, कनिष्ठ अभियंत्याची जागा रिकामी, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळेस्तोवर पावसाळा उजाडतो, आणि पैसे ऑनलाइनच वळते करायचे तर गावात नेटवर्क नाही. ज्या अनुदानातून माणूस नेमायची परवानगीच नाही, ते अनुदान माणसाअभावी पडून राहिले म्हणून त्या गावाला नालायक ठरवणे न्याय्य नाही. पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१५ मध्ये घेतला. मागास मुलखातल्या ग्रामसभेवर विश्वास ठेवता येतो हे राज्याने त्या निर्णयातून स्वतःच मान्य केले आहे. क्षमता आधी आणि पैसा नंतर, हा क्रम लावला तर पैशाची पाळी कधीच येणार नाही. क्षमतेसाठीच पैसा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गरज पाहून पैसा दिला तर घरपट्टी वसूल करण्याची इच्छाच मरेल. जो कर लावत नाही त्याला बक्षीस आणि जो लावतो त्याला शिक्षा. यावर उत्तर असे की प्रत्यक्ष वसुली न मोजता करक्षमता मोजावी. जपानमध्ये १९५४ पासून स्थानिक वाटप कर नावाची पद्धत आहे. तिथे प्रत्येक नगरपालिकेची आवश्यक सेवांची किंमत ठरावीक मापाने काढली जाते, आणि त्यात विरळ वस्ती, थंडी, बर्फ यांमुळे वाढणारा खर्चसुद्धा धरला जातो. मग प्रमाणित दराने तिला किती कर मिळू शकेल हे काढून उरलेली तूट केंद्र भरते. टोकियो महानगराला यातून काहीच मिळत नाही. आणि स्थानिक करांचा चौथा हिस्सा हिशेबातच धरला जात नसल्याने, कर वाढवणाऱ्या गावाच्या पदरात काही उरतेच. कॅनडाने १९८२ च्या घटनेत हेच तत्त्व प्रांतांच्या बाबतीत लिहून ठेवले आहे : साधारण सारख्या करात साधारण सारख्या सेवा. आपल्या ९०-१० च्या सूत्राने तरी करवसुलीला कोणते उत्तेजन मिळते? पंधराव्या आयोगाने शहरांना मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची अट घातली, हे चांगलेच केले. तशी अट गरजेवर आधारलेल्या सूत्रालाही घालता येते.

तिसरा आक्षेप संघराज्याच्या बाजूने येतो. स्थानिक शासन हा राज्यसूचीतला विषय आहे. दिल्लीने गावाशी परस्पर व्यवहार केला तर राज्ये दुबळी होतील. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. उपकर आणि अधिभार वाढवून केंद्राने वाटपाबाहेरचा पैसा वाढवला आहे, त्यामुळे राज्यांच्या मनात संशय असणे साहजिक आहे. पण राज्यांनीही आपले घर नीट ठेवलेले नाही. घटनेने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायला सांगितले. बहुतेक राज्यांनी ते उशिरा नेमले, काहींनी नेमलेच नाहीत, आणि जे अहवाल आले त्यांतले कित्येक कपाटात गेले. शेवटी पंधराव्या आयोगाला लिहावे लागले की मार्च २०२४ नंतर ही अट न पाळणाऱ्या राज्याला अनुदान मिळणार नाही. महाराष्ट्रात तर २०२२ पासून महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. प्रतिनिधीच नसलेल्या संस्थांचे केंद्रीय अनुदान अडले, आणि त्याची झळ ज्यांच्याकडे दुसरे उत्पन्न नाही त्या भागांना सर्वाधिक बसली. केंद्राने सूत्र द्यावे आणि राज्याने त्यात स्थानिक माहिती भरावी; राज्याचा अधिकार यातून घटत नाही, त्याच्यावर हिशेब देण्याची जबाबदारी तेवढी येते.

कुणी म्हणेल, मुंबईतही लोकसंख्येचा सुमारे दोन-पंचमांश भाग झोपडपट्टीत राहतो, मग मोठ्या शहरांचा घास का काढायचा? तो काढावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. देशातल्या सगळ्या नगरपालिकांचे मिळून उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास घुटमळते, आणि हे लाजिरवाणे आहे. शहरांना त्यांचा स्वतःचा करआधार मिळाला पाहिजे, मालमत्ता कर नीट वसूल झाला पाहिजे, वस्तू व सेवा करात त्यांना वाटा मिळाला पाहिजे. पण ज्यांना करआधार उभारणे शक्यच नाही त्यांच्यासाठी केंद्राच्या अनुदानाखेरीज दुसरा मार्ग नाही, आणि म्हणून ते अनुदान आधी त्यांचे असले पाहिजे. माहिती नाही, ही सबब तर आता उरलेलीच नाही. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न दरवर्षी छापले जाते. गावोगावच्या नळजोडण्या, शाळा आणि रस्ते यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळांवर आहेत. दांडेकरांनी कागदावर जे मोजले, ते आज गावाच्या पातळीवर मोजता येते.

पंधराव्या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा आणि त्यापुढच्या पाच वर्षांचा काळ अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या आयोगाचा. आयोग बदलतात, सूत्रे बदलतात. दबाव आला तरच ती योग्य दिशेने बदलतात, आणि आजवर हा दबाव राज्य सरकारांनी आपल्या वाट्यासाठी आणला, गावांसाठी क्वचितच. वाचकाला म्हणूनच विनंती आहे की पुढची प्रकरणे वाचण्याआधी त्याने ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा उघडावा, वर्षभरात किती रक्कम आली, तिच्यातली अबंधित किती आणि खर्च किती झाली हे पाहावे, आणि मग गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या तेवढ्याच लोकसंख्येच्या एखाद्या ग्रामपंचायतीचे पान त्याच्याशेजारी उघडावे. येत्या ग्रामसभेत हे दोन्ही आकडे वाचून दाखवावेत आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.